सीएनसीचा कंट्रोल बॉक्स: स्पिंडल चालू केला की दहा सेकंदांत अलार्म, डोकं फिरायची वेळ आलीये

फळीवाला
मंडळी नमस्कार, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज हात टेकले म्हणून धागा काढतोय.

घरच्या पार्किंगमध्ये छोटा सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या हुकमानं लाकूड कापणारं मशीन) बनवलाय, ६०० बाय ४०० चा, अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलवर. नेमा २३ च्या चार स्टेपर मोटरी (वाय अक्षाला दोन), डीएम५४२ ड्रायव्हर, ३६ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर मशीन चालवणारा जीआरबीएल १.१ प्रोग्राम आणि वर सीएनसी शील्ड (वायरी जोडायचा बोर्ड), दीड किलोवॅटचा एअर कूल्ड स्पिंडल (कापायचं टूल फिरवणारी मोटर) त्याच्या व्हीएफडीसकट (त्या मोटरचा वेग ठरवणारा ड्राइव्ह). नावाच्या पाट्या आणि देव्हाऱ्याच्या जाळ्या कापतो, धंदा वगैरे नाही, हौस. चार महिने सगळी वायरिंग टेबलाखाली एका प्लायच्या तुकड्यावर उघडीच होती आणि व्हीएफडी पार लांब भिंतीला ठोकलेला. दिसायला भंगाराचं दुकान, पण चालत होतं.

मग घरातून फर्मान निघालं, पोरगं चालायला लागलंय, हे उघडं दिसलं तर मशीनच भंगारात जाईल. म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून पावडर कोटिंगचा लोखंडी बॉक्स आणला ४०० बाय ३०० बाय २०० चा, दोन रविवार घालून डीन रेल, पीव्हीसी चॅनल, सगळं अगदी हौसेनं मांडलं, व्हीएफडी पण आतच घेतला. आणि तेव्हापासून स्पिंडल चालू केला की पाच-दहा सेकंदांत मशीन थांबतं, स्क्रीनवर अलार्म १, म्हणजे हार्ड लिमिट, अक्षाच्या टोकाचा स्विच दाबला गेला असं मशीनला वाटतं. स्विचला तर कोणी शिवलेलं पण नसतं. स्पिंडल बंद ठेवून हवेत तीन तास फिरवलं, एक अलार्म नाही. लिमिटला साधे मायक्रो स्विच आहेत, एनओ (एरवी उघडे, दाबल्यावर जोडणारे). इमर्जन्सीचं लाल बटण अर्डुइनोच्या रिसेटला दिलंय. यूएसबी केबल बदलली, लॅपटॉप बदलला, अर्डुइनो पण बदलला. स्पिंडल धरणाऱ्या झेडच्या क्लँपला हात लागला तर हलकं झिणझिणतं, ते पावसाळी हवेमुळे असेल. हार्ड लिमिट बंद करून चालवता येतं पण मग स्विच लावले कशाला असं वाटतं.

कोणाला हा अनुभव आलाय का? फोटो खाली जोडलाय.

नवशिक्या_७
मीही बॉक्स बनवायच्या बेतात आहे, चांगला धागा. वाखू (वाचनखूण) साठवली.

पॅनलकाका
फोटो मोठा करून बघितला. हात चांगला आहे तुझा, वायरी सरळ ओढल्यास, त्याबद्दल पाठ थोपटतो. आता कान धरतो. व्हीएफडीची स्पिंडलकडे जाणारी केबल आणि लिमिटच्या वायरी एकाच चॅनलमधून नेल्यास, वर झाकण लावून. बँडवाल्यांच्या शेजारी कीर्तन ठेवल्यासारखं झालं हे, बुवा काय म्हणतायत ते ऐकू येणार कसं?

तीस वर्षं भोसरीत पॅनल वायरिंग केलं, पहिला नियम हाच शिकवला होता, पॉवर एका बाजूनं, कंट्रोल दुसऱ्या बाजूनं, आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. प्लायवर चालत होतं कारण तिथे व्हीएफडी लांब होता, एवढंच. तुझा बॉक्स लहान आहे. व्हीएफडी बाहेर काढ, त्याला स्वतंत्र डबा कर. नाहीतरी तो आत कोंडून ठेवणं बरं नाही, दीड किलोवॅटचे पाच टक्के धरले तरी ७५ वॅटची उष्णता झाली, आणि तुझ्या बॉक्सला पंखाच दिसत नाही. उभा लाव, वरखाली वीतभर जागा सोड.

उनाड_इलेक्ट्रॉन
काकांना अनुमोदन, फक्त हे होतं का ते थोडं सांगतो. व्हीएफडी आपल्या २३० चं आधी डीसी करतो, साधारण ३२५ व्होल्ट, आणि मग त्या डीसीचे सेकंदाला काही हजार वेळा तुकडे पाडून मोटरला देतो. प्रत्येक तुकड्याला ३२५ व्होल्टची उडी, ती पण मायक्रोसेकंदापेक्षा कमी वेळात. शेजारून जाणाऱ्या वायरीत ती उडी नुसत्या जवळिकीनं उतरते.

आता तुझी लिमिटची वायर बघ. एनओ स्विच म्हणजे एरवी ती दोन मीटरची वायर हवेत लोंबकळतेय, तिला ५ व्होल्टला धरून ठेवणारा फक्त अर्डुइनोच्या पोटातला पुल-अप रेझिस्टर, २० ते ५० किलोओहमचा. त्यातून जेमतेम ०.१ ते ०.२५ मिलिअँपिअर जातो. इतक्या नाजूक दोऱ्यानं बांधलेल्या वायरीला व्हीएफडीनं धक्का दिला की चिपला वाटतं स्विच दाबला.

तीन गोष्टी कर. पहिली, एनओ सोडून एनसी (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) संपर्क वापर, स्विच तोच, फक्त वायर दुसऱ्या टर्मिनलवर. मग एरवी वायर सरळ ग्राउंडला बांधलेली राहते, तिला हलवणं अवघड जातं, आणि एका अक्षाचे दोन्ही टोकांचे स्विच सिरीजमध्ये लागतात. सेटिंगला $५=१ कर नाहीतर सगळं उलटं दिसेल. दुसरी, बाहेरून ४.७ किलोओहमचा पुल-अप ५ व्होल्टला. तिसरी, पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, बोर्डाच्या अगदी जवळ. उशीर होईल म्हणशील तर ४.७ के गुणिले ०.१ म्हणजे अर्धा मिलिसेकंद पण नाही, मिनिटाला १००० मिमी वेगानं तेवढ्यात मशीन ०.००८ मिमी सरकतं. तुझ्या एमडीएफला कळणार पण नाही.

पैसे घालायचे असतील तर लिमिट २४ व्होल्टवर चालव आणि मध्ये पीसी८१७ ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशानं पुढे देणारी चिप) टाक. ते सगळ्यात पक्कं.

पॅनलकाका
एनसीचं अजून एक कारण राहिलं. वायर तुटली, टर्मिनल ढिलं झालं तर एनओ गप्प बसतो, काही कळत नाही, गॅन्ट्री (स्पिंडल वाहून नेणारा आडवा पूल) जाऊन टोकाला धडकेल तेव्हाच कळणार. एनसी तुटला की मशीन त्याच क्षणी थांबतं. ड्रॅग चेनमधली (हलत्या वायरींच्या साखळीतली) वायर आज ना उद्या तुटतेच.

नवशिक्या_७
मध्येच विचारतो, रागावू नका. माझ्या शील्डवर जिथे झेड लिमिट छापलंय तिथे स्विच लावला तर काहीच होत नाही. शील्ड खराब?

उनाड_इलेक्ट्रॉन
शील्ड ठीक आहे, छपाई जुनी आहे. जीआरबीएल ०.९ पासून झेड लिमिट पिन ११ वरून १२ वर गेली, कारण स्पिंडलच्या वेगासाठी लागणारी पीडब्ल्यूएम (पल्सची रुंदी बदलून वेग सांगणारा सिग्नल) ११ वर मिळते. शील्डवर स्पिंडल एनेबल लिहिलंय ना, तिथे झेडचा स्विच लाव. मी यात अख्खा शनिवार घालवलाय.

गावठी_जुगाड
एवढं कशाला करताय राव. माझं पण असंच होत होतं, शिवाय घरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) सारखा पडायचा. व्हीएफडीची अर्थची वायर काढून टाकली, दोन्ही प्रॉब्लेम गायब. एक वर्ष झालं, मस्त चाललंय.

पॅनलकाका
जुगाडराव, राग मानू नका पण हे कृपा करून इथे कोणाला सांगू नका. आरसीसीबी पडत होता कारण व्हीएफडीच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थला जातोच, त्यात घरातल्या बाकीच्या वस्तूंची गळती मिळवली की ३० मिलिअँपिअरच्या जवळ पोचतं. त्याला उपाय म्हणजे मशीनला वेगळी लाईन आणि तिचा वेगळा आरसीसीबी. अर्थ काढल्यावर तो पडायचा थांबला कारण त्या करंटला जायला वाट राहिली नाही. आता तो तुमच्या हाताची वाट बघत बसलाय. आजच परत जोडा.

सोल्डरताई
थांबा जरा. सगळे लिमिटच्या मागे लागलेत, पण धागाकर्त्यानं मध्ये एक वाक्य टाकलंय ते कोणी वाचलं का? क्लँपला हात लागला की झिणझिणतं म्हणे. पावसाळ्यानं लोखंडाला गंज चढतो, करंट नाही.

फळीवाला, आधी मशीन बंद करा आणि प्लग काढा, स्विच बंद नाही, प्लग काढा. व्हीएफडीच्या आतले कपॅसिटर भरलेले राहतात, दहा मिनिटं थांबा, घाई नको. मग मीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक प्रोब बॉक्सच्या अर्थ पट्टीवर आणि दुसरा स्पिंडलच्या उघड्या लोखंडावर, टूल धरणाऱ्या कोलेटच्या नटाजवळ कुठेतरी. बीप येते का सांगा. मला वाटतं येणार नाही. आणि बॉक्सचा प्लग कुठल्या पॉइंटला लावलाय?

फळीवाला
ताई, नाही आली बीप!! क्लँपवर पण नाही, गॅन्ट्रीवर पण नाही. प्लग एक्सटेन्शन बोर्डला आहे, छोटा.

सोल्डरताई
छोटा म्हणजे ६ अँपिअरचा. दीड किलोवॅटचा व्हीएफडी एका फेजवर पूर्ण लोडला १५ च्या आसपास खेचतो. पार्किंगमध्ये १५ चा पॉवर पॉइंट काढून घ्या, त्याला १६ ची सी कर्व्ह एमसीबी. आणि त्या पॉइंटला अर्थ खरंच आहे का ते तपासा, तिसरं भोक असलं म्हणजे मागे वायर असतेच असं नाही. फेज ते अर्थ साधारण तेवढंच यायला हवं जेवढं फेज ते न्यूट्रल येतं, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत.

मग स्पिंडलच्या डोक्यावरचा गोल चार पिनांचा कनेक्टर उघडा. या आयात स्पिंडलमध्ये बरेचदा चौथी पिन नुसती शोभेला असते.

फळीवाला
काल रात्री साडेअकराला स्पिंडलच्या टोपीचे चार स्क्रू काढले. आत तीन वायरी तीन पिनांना सोल्डर केलेल्या आणि चौथी पिन कोरी करकरीत, तिला कधी सोल्डर लागलेलंच नाही. मी बाहेरून चार कोरची केबल आणून हिरवी वायर प्रामाणिकपणे त्या पिनला जोडली होती आणि ती आत कुठेच जात नव्हती. शिवाय क्लँप आणि प्रोफाइल दोन्ही अ‍ॅनोडाइज केलेले, तो थर करंट जाऊ देत नाही हे मला माहीतच नव्हतं, मी आपला समजत होतो की सगळं अ‍ॅल्युमिनियम एकमेकाला बोल्टानं जोडलंय म्हणजे अर्थ झालंच. दुरुस्तीआधी धीर करून स्पिंडल चालू ठेवून मीटरनं बघितलं, बॉडी ते अर्थ ८०-९० व्होल्ट नाचत होता. बायकोला हे सांगितलेलं नाही, कोणी सांगू नका.

पॉइंटचा अर्थ ठीक निघाला, न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट.

उनाड_इलेक्ट्रॉन
मग दोन्ही दुखणी एकच आहेत की. मोटरची गुंडाळी आणि बॉडी यांच्यात थोडी कपॅसिटन्स असतेच, व्हीएफडीच्या प्रत्येक उडीला त्यातून करंट बॉडीत उतरतो आणि त्याला परत जायला रस्ता लागतो. तू रस्ता दिला नाहीस, म्हणून तो गॅन्ट्री, लिमिटच्या वायरी, शील्ड, यूएसबी, जिथून मिळेल तिथून चाललाय. कधी तुझ्या हातातून.

सोल्डरताई
टोपीच्या एका स्क्रूखाली रिंग थिंबल घाला, खालचा रंग घासून पांढरं लोखंड दिसेपर्यंत खरवडा, तिथून चौथ्या पिनला हिरवी वायर सोल्डर करा. गॅन्ट्रीला वेगळी अर्थ, प्रोफाइलचा थर खरवडून. सगळ्या अर्थ वायरी बॉक्समध्ये एकाच पट्टीवर आणा, एकातून दुसरीकडे अशी माळ करू नका. स्पिंडलची केबल शील्डवाली (वायरींवर धातूची जाळी असलेली) घ्या आणि तिचं शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करा. लिमिटच्या केबलचं मात्र फक्त बॉक्सच्या टोकाला.

द्राक्षबाग
तासगावहून. तुमचं हे सगळं वाचून मला इमर्जन्सीच्या बटणाबद्दल बोलायचंय, ते कोणी धरलंच नाही. अर्डुइनोच्या रिसेटला लाल बटण म्हणजे प्रोग्रामला विनंती झाली. तुमचा व्हीएफडी अर्डुइनोच्या सिग्नलवर नसेल, त्याच्या स्वतःच्या पॅनलवरून चालत असेल, तर बटण दाबल्यावर मोटरी थांबतील आणि स्पिंडल २४००० नं फिरतच राहील.

आमच्याकडे विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर प्रत्येकानं बघितलाय, हिरवं बटण लाल बटण. त्यात जी गंमत आहे तीच इथे हवी. हिरवं दाबलं की कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा मोठा स्विच) ओढतो आणि स्वतःच्याच एका संपर्कातून स्वतःला धरून ठेवतो, बटण सोडलं तरी. लाईट गेली की सुटतो, लाईट आली तरी आपणहून ओढत नाही, परत हिरवं दाबावं लागतं. (शेतात आम्ही वर आपणहून चालू करणारा ऑटो बसवतो रात्रीच्या लाईटसाठी, ते इथे चुकूनही नको.) कल्पना करा, जाळी कापताना लाईट गेली, तुम्ही टूल बदलायला हात घातला आणि लाईट आली.

वायरिंग सोपं आहे. इमर्जन्सीचा एनसी, मग स्टॉपचा एनसी, मग स्टार्टचा एनओ, स्टार्टला समांतर कॉन्टॅक्टरचा १३-१४, तिथून कॉइलच्या ए१ ला. बस.

पॅनलकाका
द्राक्षबाग, शंभर टक्के. दोन भर घालतो. कॉइल २४ व्होल्ट डीसीची घे, म्हणजे मशीनवरच्या बटणापर्यंत २३० ची वायर न्यावी लागत नाही. त्यासाठी २४ चा छोटा एसएमपीएस वेगळा, तो कॉन्टॅक्टरच्या आधी. आणि रोजचं चालू-बंद या कॉन्टॅक्टरनं करू नकोस, व्हीएफडीला दर वेळी कपॅसिटर भरताना झटका बसतो. स्पिंडल त्याच्या रन-स्टॉपनंच थांबव, लाल बटण संकटालाच.

उनाड_इलेक्ट्रॉन
इथे माझं थोडं वेगळं मत. एकदम पॉवर तोडली की व्हीएफडीला ब्रेक मारता येत नाही, स्पिंडल आपला घरंगळत थांबतो, बराच वेळ. कारखान्यातल्या मशीनला दोन प्रकार मानतात, शून्य म्हणजे लगेच तोडा आणि एक म्हणजे आधी ताब्यात थांबवा मग तोडा. दुसऱ्यासाठी बटणाचा एक संपर्क व्हीएफडीच्या स्टॉपला आणि टायमर रिले लावून दोन-तीन सेकंदांनी कॉन्टॅक्टर सोडायचा.

पॅनलकाका
बरोबर आहे, पण टायमर रिले अडकला तर? घरच्या मशीनला एकच साधी गोष्ट जी नक्की चालेल ती बरी. माझा कौल शून्याला.

उनाड_इलेक्ट्रॉन
मान्य नाही पण भांडत नाही :)

गावठी_जुगाड
काका, अर्थ परत जोडली. आरसीसीबी लगेच पडला. वेगळ्या लाईनचं बघतो.
अजून एक, नवीन लोकांसाठी. एसएमपीएस लावण्याआधी त्याच्या बाजूच्या जाळीतून आत बघा, एक इवलासा लाल सरकता स्विच असतो, ११५ / २३०. माझा ११५ वर आला होता. चालू केल्याबरोबर लक्ष्मीबार फुटला आणि खोलीभर तो वास, तीन दिवस गेला नाही.

नवशिक्या_७
बापरे. आत्ता जाऊन बघितलं, माझा पण ११५ वर आहे! वाचलो. वायरींच्या टोकांना सोल्डर लावून स्क्रूखाली घातलं तर चालेल ना?

पॅनलकाका
नको. सोल्डर मऊ, स्क्रूच्या दाबानं हळूहळू पसरतं आणि टर्मिनल ढिलं पडतं. पिन थिंबल घाल आणि क्रिंपिंग टूलनं दाब, साध्या पकडीनं चेपू नकोस. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नंबरची फेरूल. आणि स्टेपर मोटरचा प्लग चालू ड्रायव्हरवरून कधीही काढू नकोस, ड्रायव्हर जातो.

फळीवाला
रिपोर्ट देतो. स्पिंडलची अर्थ झाली, झिणझिण्या शून्य, बीप येते. व्हीएफडी वेगळ्या डब्यात भिंतीला, केबल शील्डवाली. पहिल्या रविवारी एवढंच केलं आणि चालवलं, अलार्म दहा सेकंदांवरून तासाला एकावर आला. म्हणजे मूळ दुखणं ताईंनी धरलं तेच. मग दुसऱ्या रविवारी लिमिट एनसीवर घेतले, ४.७ के आणि कपॅसिटर लावले. $५ बदलायला विसरलो आणि चालू केल्या केल्या तिन्ही अक्ष अलार्ममध्ये, पाच मिनिटं घाम फुटला, मग उनाडचा प्रतिसाद परत वाचला.

पॉवर पॉइंट १५ चा झाला. कॉन्टॅक्टर २५ चा, २४ व्होल्ट कॉइल, होल्डिंग द्राक्षबाग म्हणाले तसं. मुद्दाम जॉब चालू असताना मेन बंद करून परत चालू केला, सगळं मेल्यासारखं पडून राहिलं, इतकं बरं वाटलं. काल १२ मिमी एमडीएफची जाळी, सलग चार तास, एकही अलार्म नाही. नवीन बॉक्सचा फोटो टाकतोय, दार उघडून.

सोल्डरताई
छान! जाळीचा पण टाका.

द्राक्षबाग
लय भारी. आमच्या देवघराला एक करून द्या, द्राक्षं पाठवतो.

पॅनलकाका
सुंदर झालंय. वेगळी पट्टी, वेगळे चॅनल, फेरूल नंबर, सगळं बघितलं. एकच, बटणं आणि दिवे सगळे दारावर आहेत आणि दाराला हिरवी वायर कुठे दिसत नाही. बिजागरीवर पावडर कोटिंग आहे.

फळीवाला
काका, पान्हा घेऊन खाली चाललोय.